किल्ल्यामागचं प्रवाळ आणि काचेच्या बादलीवाले: मालवणच्या एका होडीबद्दल

मी मालवणची माहेरवाशीण. दांडीवर आमचं घर, ओसरीतून समुद्र दिसायचा. वडिलांचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, हिस्सा होता आणि आई सदतीस वर्षं मासळी बाजारात पाटी घेऊन बसली. एवढं असून वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत मी पाण्याखाली एकदाही डोळे उघडले नव्हते. आमच्या लहानपणी मुलगे जेटीवरून उड्या मारायचे आणि मुलींना गुडघाभर पाण्याच्या पुढे मुभा नसायची. किल्ल्याच्या खडपांत रंगीत मासे असतात हे ऐकून माहीत होतं. ते बघायला मिळाले या जानेवारीत. ज्यांच्यामुळे मिळाले, त्या होडीवाल्यांबद्दल सविस्तर लिहितेय, कारण मालवणात स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघायला, कुणाबरोबर जायचं हे मला सांगलीतले निदान दहा जण विचारून गेलेत.

होडी दोघा भावांची. दोघेही आधी रापणीवर होते. थोरले साधारण पन्नाशीचे, त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांचं नाव आणि फोन नंबर इथे मुद्दाम देत नाही. दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन ‘काचेच्या बादलीवाले’ विचारा, कुणीही बोट दाखवेल. बादलीचं पुढे येईलच.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची माझी आई. डॉल्फिन आणि स्नॉर्कलिंग मिळून माणशी हजार रुपये घेतले. आई पाण्यात उतरणार नव्हती म्हणून तिचे चारशे. किनाऱ्यावर याहून स्वस्तात नेणारे भेटतील. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तशाच एका स्वस्त होडीतून गेलो होतो. फरक कळावा म्हणून आधी ते सांगते.

त्या वेळी सात होड्यांनी मिळून डॉल्फिनच्या एका जोडीला घेरलं होतं. डॉल्फिन वर आले की सातही इंजिनं एकदम गर्जायची आणि होड्या त्या दिशेनं धावायच्या. तिसऱ्यांदा ते वर आलेच नाहीत. नंतर आम्हाला किल्ल्याजवळ नेलं आणि नांगर थेट खडपावर टाकला. तो घासल्याचा आवाज होडीत बसून ऐकू आला. सोबतच्या मुलानं व्हिडिओत मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करला आणि एक जिवंत तारामासा वर आणून सगळ्यांच्या हातात फोटोसाठी फिरवला. माझ्या मुलीनंही तो धरला. परतताना ती म्हणाली, “आई, तो मेला असेल का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तेव्हा उतरले नाही. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. ज्या समुद्रानं आमचं घर चालवलं, त्याला असं ओरबाडताना मी गप्प बसून राहिले, हे मात्र फार लागलं.

म्हणून या वेळी फोनवर दादांना पहिलाच प्रश्न विचारला, डॉल्फिन नक्की दिसतील ना? ते म्हणाले, “इले तर इले, नाय तर नाय. आपण मागसून गेलो काय ते पळतले.” दिसले नाहीत तर पैसे परत नाहीत, हेही तेव्हाच सांगून टाकलं. मी लगेच बुकिंग केलं.

सकाळी साडेसहाला बोलावलं होतं, होडी सुटली सव्वासातला. ओहोटीमुळे उशीर झाला असं कारण मिळालं. पण भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशीही माहीत असते, तेव्हाच सांगता आलं असतं. थंडीत आईला पाऊण तास वाळूत बसावं लागलं.

होडी देवबागच्या दिशेनं गेली. कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथून बऱ्यापैकी अलीकडे धाकट्या भावानं इंजिन बंद केलं आणि आम्ही नुसते तरंगत राहिलो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. नवरा चुळबुळायला लागला. मग डाव्या बाजूला ‘फूस्’ असा आवाज आला, कुणी जोरात उसासा टाकावा तसा. डॉल्फिन श्वास घेत होते. दोन वर्षांपूर्वी इंजिनांच्या गोंगाटात हा आवाज ऐकूच आला नव्हता. पाच होते, त्यांतलं एक पिल्लू, फिकट राखाडी, आईच्या कुशीला चिकटून. उड्या वगैरे काही मारल्या नाहीत. पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटासा पंख दिसायचा, मग पाठ वळायची आणि पाणी मिटायचं. आपल्या किनाऱ्याला प्रामुख्यानं दिसतात ते हेच कुबडवाले डॉल्फिन. हे खोल समुद्रातले नव्हेत. उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी, किनाऱ्याला धरून राहतात. त्यामुळे आपल्या जाळ्यांचा, होड्यांचा आणि सांडपाण्याचा ताप सगळ्यात आधी त्यांना होतो. जगात ही जात आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. पिल्लू आईपासून तुटलं तर दूध पिणं थांबतं, म्हणून होड्यांनी मधे घुसायचं नसतं, हे धाकट्यानं मुलीला समजावून सांगितलं. ती खालच्या आवाजात बोलायला लागली, कुणी न सांगता.

वीस-एक मिनिटं ते आमच्या आसपास होते. एकदा होडीपासून चार वावांवर आले. आम्ही कुठे गेलो नव्हतो, तेच आले होते.

तिथून मागे फिरून किल्ल्याकडे. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या भोवतीच्या खडकांवर प्रवाळ वाढतं. महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात इथे बांधकाम सुरू केलं, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला, हे शाळेत असताना आम्ही घोकलं. तटाच्या पायथ्याशी पाण्यात काय आहे, हे एकाही गुरुजींनी सांगितलं नाही. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, आणि किल्ला व पद्मगडाभोवतीचा तीन-सव्वातीन चौरस किलोमीटरचा पट्टा त्याचा गाभा. मला आठवतं, आमच्या घरी तेव्हा अभयारण्य हा शब्द शिवीसारखा उच्चारला जायचा. मासेमारी बंद होणार, पोटावर पाय येणार, ही धास्ती गावभर होती. आणि ती अगदी खोटीही नव्हती, कारण कोळ्या-गाबितांना विचारून कुणी काही केलं नव्हतं. त्याच रापणीतली माणसं आज प्रवाळावर पाय ठेवू नका म्हणून सांगतात, हा बदल छोटा नाही. मधल्या काळात इथल्या तरुणांना डायव्हिंगचं प्रशिक्षण मिळालं, तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कुबा केंद्र झालं, आणि खडप शाबूत राहिला तर पुढच्या वर्षीही गिऱ्हाईक येईल हा हिशेब लोकांना पटला. दादा हा हिशेब लपवत नाहीत. मला ते आवडलं.

पाण्यात उतरण्याआधी त्यांनी जे केलं त्यासाठीच मी यांना पूर्ण गुण देईन. धाकट्यानं वाळूचा मोकळा तुकडा शोधला, स्वतः बुडी मारली आणि नांगर हातानं वाळूत रोवून आला. मग सूचना. सनस्क्रीन लावलेल्यांनी ते पुसून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, कारण काही सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांचा प्रवाळाला त्रास होतो. मास्कमध्ये पाणी शिरलं तर उभं राहायचं नाही, रिंग धरून तरंगायचं. काहीही उचलायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, त्यात कुर्ली राहत असते. आणि शेवटी दादा माझ्याकडे बघून: “ताई, पाय खाली टेकू नकात हां. ह्यो दगड न्हय, ह्यो जीव आसा.”

मी घाबरले होते. पहिली पाच मिनिटं रिंग घट्ट धरून नुसता श्वास मोजत होते. मग खाली बघितलं.

आधीच सांगते, अंदमानचे फोटो मनात ठेवून जाऊ नका. इथलं पाणी तितकं नितळ नाही. जानेवारीत, वारा पडलेला असताना, मला साधारण पंधरा फुटांपर्यंत दिसलं. प्रवाळही फांद्याफांद्यांचं, गुलाबी-जांभळं असं क्वचितच. बहुतेक गोलसर, मोठ्या भाकरीएवढे किंवा रांजणाच्या बुडाएवढे गठ्ठे, तपकिरी, शेवाळी, कुठे पिवळट. लांबून दगडच वाटतात. जवळ गेलं की अंगावर बारीक चांदण्यांची जाळी दिसते. त्यातली एकेक चांदणी म्हणजे एकेका इवल्या प्राण्याचं घर. हे प्राणी चुन्याचं घर बांधतात, त्यावर पुढचे बांधतात, आणि गठ्ठा वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटीमीटरभर वाढतो. म्हणजे मी ज्या रांजणाएवढ्या गठ्ठ्यावर तरंगत होते, तो माझ्या आजीच्या वेळेपासूनचा असू शकतो. नांगराला तो फोडायला एक क्षण पुरतो. दोन वर्षांपूर्वीचा तो घासल्याचा आवाज तिथे पाण्यात मला पुन्हा आठवला.

एका ठिकाणी गठ्ठ्याच्या वरच्या भागावर पांढराफटक डाग होता. बाहेर आल्यावर विचारलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं, प्रवाळाला खाऊ घालतं, आणि प्रवाळाचा रंगही त्याचाच. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंश-दोन अंशांनी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही, उपाशी राहतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं प्रवाळ असं पांढरं पडण्याची चौथी मोठी लाट जाहीर केली तेव्हा मी बातमी वाचून पान उलटलं होतं. आता तो डाग मी डोळ्यांनी पाहिलाय. तो डाग तापलेल्या पाण्यामुळेच असेल असं दादांनी छातीठोक सांगितलं नाही, गाळ बसूनही असं होतं म्हणाले. पण दर मे महिन्यात असे डाग वाढलेले दिसतात, एवढं त्यांनी नक्की सांगितलं.

मासे भरपूर होते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे लहान मासे अगदी मास्कसमोर येऊन बघून जायचे, पाव नसतानाही. फुलपाखरू मासे जोडीनं हिंडत होते. कपारीत लांब काट्यांचे समुद्री साळू. मुलीला एक समुद्री काकडी दिसली आणि तिनं ती नुसती बघितली, हात मागे बांधून. तिनं हात का बांधले असतील ते मला कळलं.

आता बादली. आईसारख्या, पाण्यात न उतरणाऱ्या माणसांसाठी दादांनी एक निळी प्लॅस्टिकची बादली केली आहे. बूड कापून तिथे जाड काच बसवलीय आणि कडेनं सिलिकॉन भरलंय. होडीच्या कडेवरून ती पाण्यात अर्धी बुडवायची आणि आत डोकं घालून बघायचं. आईनं आधी नाही नाही म्हटलं. मग दादांनी तिचा पदर आणि दंड नीट धरला, आणि ती वाकली. मी पाण्यात होते, मला तिचा आवाज बादलीतून घुमून येत होता. ती नावं घेत होती. “तांबोशी. ती थय कुर्ली. अगो, हो तर गोबरो! केवढोसो आसा बघ.” सदतीस वर्षं तिनं ही मासळी पाटीत पाहिली, बर्फावर पाहिली, कापली, विकली. जिवंत, आपापल्या घरात हिंडताना ती आज बघत होती. बराच वेळ ती वर आलीच नाही. आली तेव्हा चेहरा पाण्यानं ओला होता, तो सगळा समुद्राचाच होता असं मला वाटत नाही. एवढंच म्हणाली, “ह्या सगळा हयच होता?”

दुसऱ्या दिवशी बाजारात तिच्या ओळखीच्या बाईंच्या पाटीत वीतभर गोबरे होते. आईनं एक उचलला, उलटा-सुलटा केला आणि परत ठेवला. “जरा मोठो होवंदे होतो,” म्हणाली. त्या बाई हसल्या, पण आई हसली नाही. आम्ही बांगडे घेतले.

आता त्रुटी, कारण त्याही खऱ्या आहेत आणि दादांना मी तोंडावर सांगितल्या आहेत. चारपैकी एक मास्क गळका होता, त्याची रबरी कड उललेली होती. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट नव्हतं. मुलीला मोठ्यांचं घालून पट्टे दोरीनं आवळले. हे चालणार नाही, सुरक्षेच्या गोष्टीत जुगाड नको. होडीवर सावली नाही, आईनं डोक्यावर टॉवेल घेतला होता. कपडे बदलायला किनाऱ्यावर ताडपत्रीचा आडोसा आहे, त्याला कडी नाही, आणि गोड्या पाण्याची एकच बादली चौघांत. बायकांना घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पावती मिळत नाही. पाण्याखालचे फोटो पाचव्या दिवशी आले, तेही दोनदा आठवण केल्यावर.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मुलांची दोन नवीन जॅकेटं आली होती आणि मास्क बदललेला होता. कडी अजून नव्हती. त्या दिवशी होडीत दहा माणसं घेतली होती, ते मात्र खटकलं. दहा जण एकदम पाण्यात उतरल्यावर एकटा धाकटा किती पायांकडे बघणार? एका पाहुण्याचा फिन गठ्ठ्याला लागलाच. सहाच्या वर घेऊ नका, हवं तर दर वाढवा, असं मी त्यांना सांगितलं. आम्ही देऊ.

मार्चची खेप खरं तर कासवांसाठी होती. दादांनीच सुचवलं की प्रवाळ बघितलंत, आता वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला जाऊन या, आणि तिथल्या ओळखीच्या घरी राहायची सोय लावून दिली. याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि परत जातात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात. पूर्वी ही अंडी कोकणात सर्रास उकरून नेली जायची. रत्नागिरीतल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि मग ते लोण किनाऱ्यानं पसरलं. आम्ही पहाटे गेलो. जाळीच्या कुंपणातली वाळू आधी मधोमध खचली, मग एक काळं नाक वर आलं, आणि पुढच्या अर्ध्या तासात एकोणीस पिल्लं. त्यांना हातात उचलून पाण्यात सोडायचं नसतं, वाळूवरून त्यांचं त्यांनी चालत जायचं असतं. आम्हाला दोरीमागे उभं केलं होतं आणि मोबाइलचे फ्लॅश बंद. शेवटचं पिल्लू दोनदा लाटेनं मागे आणून टाकलं. तिसऱ्यांदा गेलं.

२०२२ च्या जानेवारीत कोकणातल्या काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, वेळासच्या पहिलीचं नाव प्रथमा ठेवलं होतं. त्या कुठवर जातात हे मुलगी तेव्हापासून बातम्यांत शोधत असते. मला मात्र दादांच्या चुलतभावाची गोष्ट जास्त लक्षात राहिली. त्याच्या जाळ्यात कासव अडकलं होतं, त्यानं नवं कोरं जाळं कापून ते सोडलं. २०१८ च्या अखेरीपासून राज्यात योजना आहे, संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर फोटो-व्हिडिओचा पुरावा देऊन पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. त्याला ती मिळाली, उशिरानं. मी विचारलं, योजना नसती तर? दादा जरा थांबले आणि म्हणाले, त्याचे वडीलही कापायचे, पण घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत.

जेवणाबद्दल थोडक्यात: दादांच्या घरी आधी सांगितलं तर नाश्त्याला घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळते, माणशी ऐंशी रुपये. घावणे पातळ, जाळीदार. चहा फार गोड.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी सगळ्यात स्वच्छ असतं, मार्चनंतर गढूळपणा वाढतो. मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात, तेव्हा कुणी चोरून नेतो म्हणालं तर जाऊ नका. शनिवार-रविवार टाळा. मास्क स्वतःचा असेल तर न्या, कोरडा टॉवेल आणि बायकांनी अंगावर घ्यायला एक मोठी चादर. फोन करताना होडीत किती जण असतील हे आधी विचारा, आणि सहापेक्षा जास्त सांगितले तर दुसरा दिवस मागा. तुम्ही कुणाच्याही होडीतून जा, पण नांगर कुठे टाकता हे चढण्याआधी नक्की विचारा.

आमचं पुढचं बुकिंग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं, मंगळवारचं. या खेपेला पाच जण आहोत. सांगलीच्या सासूबाईंनी आईकडून फोनवर सगळं ऐकलंय, आणि बादली आधी कोण धरणार यावर दोघींचं आतापासून चाललंय.